संकेतस्थळ उभारण्यापूर्वीचे आपले कर्तव्य

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आपल्या दोन तालुक्यांतील तरुणांनी असे ठरविले आहे की, आपल्या लोकांना त्यांच्या हक्कांची माहिती घरबसल्या मिळावी म्हणून एक वेबसाइट, म्हणजे संकेतस्थळ, काढावयाचे. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती, वतनाच्या जमिनी, अत्याचार प्रतिबंधक कायदा, बौद्ध विवाहाची नोंदणी या सर्वांविषयी त्यात लिहावयाचे. हेतू उत्तम आहे. वर्गणी जमू लागली आहे. पहिल्या पानावर रंग कोणता आणि चित्र कोणते, हेही काहींनी ठरवून टाकले आहे. या उत्साहाला लगाम घालण्यासाठी मी आज येथे उभा आहे. कोणी रागावू नये. माझा संकेतस्थळाला विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ते उभारण्यास हात घालण्यापूर्वी सहा महिने चौकशी करा. हे सांगण्याचा अधिकार मला विद्वत्तेमुळे मिळालेला नाही, एका चुकीमुळे मिळालेला आहे. ती चूक प्रथम सांगतो.

२०१३ साली आम्ही काही मित्रांनी असेच एक संकेतस्थळ काढले. मी तेव्हा तिशीत होतो, वकिलीत थोडा स्थिरावलो होतो. १४ एप्रिल ही तारीख गाठावयाची म्हणून पंधरा दिवसांत सर्व काम उरकले. पहिल्या पानावर मोठे छायाचित्र होते, ते उघडताच गाणे लागत असे. जात पडताळणीच्या पानावर लागणाऱ्या कागदपत्रांची यादी होती. ती यादी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणाहून जशीच्या तशी उचलली होती. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा आहे, असे तीत म्हटले होते. मी वकील असूनही ती यादी कायद्याशी ताडून पाहिली नाही.

मुरबाड तालुक्यातील एका गृहस्थांनी ते पान छापून घेतले. त्यांची मुलगी बारावी झाली होती आणि तिला पुढील शिक्षणासाठी पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. आमच्या यादीप्रमाणे त्यांनी कागद जमविले. त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त ‘बौद्ध’ असे लिहिलेले होते. त्यांचे वडील शाळेत गेलेच नव्हते. १९५० पूर्वीचा एकही पुरावा त्यांच्याजवळ नव्हता, आणि तो लागतो हे आमच्या पानावर नव्हते. प्रकरण अपुरे ठरून परत आले. मग जुन्या कोतवाल बुकातील जन्मनोंद शोधावी लागली. ती मोडी लिपीत निघाली. मोडी वाचणारा जाणकार शोधून तिचे देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागले. तोपर्यंत प्रवेशाची मुदत संपली होती. ते गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात आमच्याच पानाची घडी केलेली प्रत होती. ते म्हणाले, “साहेब, आपल्या माणसांनी लिहिले आहे म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही.”

मुलीने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. परंतु तिचे एक वर्ष आम्ही गमावले. कचेरीने अडविले असते तर आपण कचेरीविरुद्ध मोर्चा काढला असता. येथे मोर्चा कोणाविरुद्ध काढावयाचा? दोष आमच्या घाईचा होता.

पुढे दोन वर्षांनी त्या संकेतस्थळाचे नावही हातचे गेले. ज्या मुलाने ते आपल्या ईमेलवर नोंदविले होते, तो नोकरीसाठी परगावी गेला. वार्षिक शुल्क भरावयाचे राहिले, आणि ते नाव दुसऱ्या कोणी विकत घेतले. तेथे पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसू लागली. आपल्या महापुरुषाचे छायाचित्र जेथे होते तेथे जुगार! त्या दिवशी मी मनाशी ठरविले की, या विषयावर पुन्हा बोलेन ते चौकशीविषयीच बोलेन.

कोणासाठी?

पहिला प्रश्न हा की, हे संकेतस्थळ कोणासाठी? तुम्ही म्हणाल, समाजासाठी. हे उत्तर सभेत शोभते, कामाला पुरत नाही.

आपल्या शहापूर तालुक्याकडे पाहा. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ सालचे. या धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हे का घडले? धरण बांधण्यापूर्वी मोजणी झाली नव्हती असे नाही. उत्तम मोजणी झाली होती. पण गरज मोजली गेली ती मुंबईची. ज्याची गरज मोजली त्याच्याकडे पाणी गेले. ज्याची मोजली नाही त्याच्या दारावरून नळ गेला, पण त्याच्या हंड्यात पाणी पडले नाही. माहितीचेही असेच आहे. शासनाच्या संकेतस्थळांवर माहितीचा पूर वाहतो आहे, परंतु तो आपल्या दारावरून जातो. आपण नवे संकेतस्थळ काढून आणखी एक नळ दारावरून नेणार, की हंड्याशी तोटी बसविणार, हे आजच ठरले पाहिजे.

म्हणून गरज मोजा, आणि ती गावात जाऊन मोजा. बाबासाहेबांचा धडा याहून वेगळा नाही. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे एक सभासद म्हणून ते अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. सराव नसलेल्या एका माणसाने टांगा हाकला, तो पुलावर अडखळला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ते मोठे विद्वान होते. मुंबईत बसून अहवाल लिहिणे त्यांना अशक्य नव्हते. तरी लोकांचे दुःख लोकांच्या तोंडून ऐकण्यासाठी ते गेले. मग आपल्याला डोळखांबला किंवा टोकावड्याला एसटीने जाण्यास काय हरकत आहे?

चौकशी कशी करावी?

प्रत्येक तरुणाने एक वही घ्यावी आणि दहा घरे वाटून घ्यावीत. ‘तुम्हांला संकेतस्थळ हवे काय?’ असे विचारू नये. असे विचारले तर पाहुण्याचे मन राखण्यासाठी माणूस होच म्हणतो. विचारावे ते असे: गेल्या वर्षभरात कोणत्या कागदासाठी तालुक्याला किंवा प्रांत कार्यालयात जावे लागले? किती खेपा झाल्या? किती रोज बुडाले? तेथे काय सांगितले? ते सांगणे समजले काय? शेवटी कोणाला विचारून काम झाले? एजंटाला पैसे द्यावे लागले काय? घरात मोबाइल कोणाजवळ असतो, आणि रिचार्ज महिनाभर टिकतो काय?

उत्तर लिहिताना माणसाचे शब्द बदलू नयेत. शासन म्हणते ‘जात वैधता प्रमाणपत्र’. आपली मुले म्हणतात ‘व्हॅलिडिटी’. शासन म्हणते ‘अधिकार अभिलेख’. आपली आई म्हणते ‘सातबारा’. शासनाने तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केले, तरी गावात त्याला तलाठीच म्हणतात. माणूस मोबाइलमध्ये शोधताना आपलाच शब्द बोलतो किंवा लिहितो. तो शब्द तुमच्या पानावर नसेल, तर तुमचे पान त्याच्यापुढे येणार नाही. म्हणून दोन्ही शब्द लिहावे लागतील, आणि लोकांचा शब्द आधी लिहावा लागेल.

स्त्रियांना वेगळे बसवून विचारावे. पुरुष सांगतील की जमिनीची अडचण आहे. स्त्रिया सांगतील की विधवा वहिनीचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही, मुलीचे शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात आले नाहीत, लग्नाची नोंद न झाल्याने पुढची कामे अडली. या दोन याद्या एकच नसतात, आणि संकेतस्थळ दोन्हींसाठी काढावयाचे आहे.

आधी मोजणी न केल्यास काय होते, हे मुरबाड तालुक्याने पाहिलेले आहे. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी, आपल्या धसई गावाला राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. दुकानांत कार्ड फिरविण्याची यंत्रे आली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पुढे गावात पुन्हा रोखीनेच व्यवहार होऊ लागल्याच्या बातम्याही त्याच वर्तमानपत्रांतून आल्या. यात धसईच्या लोकांचा दोष मी मानीत नाही. त्यांनी नवी गोष्ट करून पाहिली. प्रश्न असा की, गावातील किती जणांजवळ कार्ड आहे, मोबाइलची रेंज कोठपर्यंत येते, आणि यंत्राचा खर्च छोट्या दुकानदाराने कोठून काढावा, ही विचारपूस समारंभापूर्वी किती झाली होती? समारंभ एका दिवसाचा असतो. व्यवहार रोजचा असतो.

आधीच काय आहे, ते पाहा

दुसरे काम म्हणजे जे आधीच उपलब्ध आहे त्याची यादी करणे. सातबारा आणि फेरफार शासनाच्या भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळावर मिळतात. दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ वर होतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत सेवा मिळविण्याचा हक्कही आपल्याला दिला आहे. न्यायालयातील तारखा ई-कोर्ट्सवर दिसतात. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रशिक्षणाच्या योजना असतात. हे सर्व पुन्हा उतरवून काढण्याचे आपल्याला कारण नाही. उतरवून काढलेली माहिती शिळी होते, मूळ माहिती बदलते, आणि आपला माणूस शिळ्या माहितीवर फसतो. जेथे मूळ आहे तेथील वाट दाखवावी. आपण लिहावे ते जे तेथे नाही: आपल्या दोन तालुक्यांतील, आपल्या परिस्थितीतील माणसाने नेमके काय करावयाचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढे वेगळे काय आहे? तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण तालुक्याचे. शहापूर आणि मुरबाड शेजारी आहेत. एका घरची मुलगी दुसऱ्या तालुक्यात दिलेली असते. परंतु जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते, देतात. शहापूरचा तालुका भिवंडी उपविभागात आहे आणि मुरबाडचा कल्याण उपविभागात. त्याशिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. शेजारचा वाडा तालुका तिकडे गेला. ज्यांची सोयरीक वाड्याकडे आहे किंवा ज्यांच्या आजोबांची नोंद तिकडची आहे, त्यांना हे ठाऊक असलेच पाहिजे. जे संकेतस्थळ ‘ठाणे जिल्हा’ एवढेच लिहून थांबते, ते माणसाला चुकीच्या गाडीत बसविते.

दुसरे उदाहरण कायद्याच्या तारखांचे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपल्या लोकांनी नागपुरात धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या सवलतींपुरते आपण त्या यादीबाहेर पडलो. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! या इतिहासामुळेच आपल्या घरात तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन प्रकारच्या नोंदी सापडतात: आजोबांच्या नावापुढे मूळ जात, वडिलांच्या नावापुढे ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’, नातवाच्या नावापुढे आणखी काही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही पुराव्याची तारीख आहे, आणि २००० च्या राज्य कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. म्हणून तीन पिढ्यांची साखळी कशी जोडावयाची, वंशावळ व प्रतिज्ञापत्र कसे लिहावयाचे, कोतवाल बुकाचा उतारा कोठे मागावयाचा, मोडी नोंद निघाल्यास काय करावयाचे, हे आपल्या पानावर हवे. राज्याच्या कामासाठीचा दाखला आणि केंद्राच्या नोकरीसाठीचा दाखला यांचे नमुनेही वेगळे असतात, हेही सांगावे. आमचे २०१३ चे पान नेमके येथेच फसले.

तिसरे उदाहरण नव्याने धम्म स्वीकारणाऱ्यांचे. आज इतर समाजांतील कुटुंबेही धम्माकडे येत आहेत. या सभेतही असतील. त्यांना आपण स्पष्ट सांगितले पाहिजे की, धम्म स्वीकारल्याने कोणी नव्याने अनुसूचित जातीचा होत नाही. ज्याची मूळ जात अनुसूचित यादीत आहे, त्याचा हक्क बौद्ध झाल्याने जात नाही, एवढाच १९९० च्या दुरुस्तीचा अर्थ. आपल्या भागातील आदिवासी बांधवांसाठीचा अनुसूचित जमातींचा आदेश निराळा आहे, आणि त्यात धर्माची अट नाही. या तिघांना एकच उत्तर लिहिणारे पान तिघांपैकी दोघांना खड्ड्यात घालील. म्हणून पान लिहिण्यापूर्वी वाचणारा कोण कोण असेल याची यादी करावी, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आखावी.

वतनाच्या जमिनींचेही असेच आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, जमिनी परत मिळण्याची तरतूद झाली, आणि पुढील हस्तांतरावर बंधने राहिली. आता समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आहे. जमिनीला भाव आला आणि दलालही आले. ज्या घरात सातबाऱ्यावरील शेरा वाचता येत नाही, त्या घरातील सही कोऱ्या कागदावर होण्यास वेळ लागत नाही. शेरा कसा वाचावा, हे चित्रासह दाखविणारे एक पान दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडेल.

कागदावर बांधा, मग यंत्रावर

वह्या भरल्या, कायदा ताडून झाला, म्हणजे लगेच संगणकाकडे धावू नये. विहारात एक दिवस बसावे. प्रत्येक प्रश्न एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहावा. पन्नास-साठ चिठ्ठ्या होतील. त्या आपल्या माता-भगिनींपुढे ठेवाव्यात आणि सांगावे, ‘ज्या एकत्र असाव्यात असे वाटते त्यांचे ढीग करा.’ वकील ढीग करील तो कायद्यांच्या नावांप्रमाणे. आई करील तो कामाप्रमाणे: मुलाची शाळा, जमीन, लग्न, मारहाण झाली तर. तिचा ढीग हीच आपल्या संकेतस्थळाची रचना समजावी.

मग प्रत्येक पान वहीच्या कागदावर हाताने काढावे. ज्यांनी हे काम पूर्वी पाहिलेले नाही अशा पाच जणांना बोलवावे. त्यांच्या हाती कागद देऊन म्हणावे, ‘तुमच्या मुलीला पडताळणी करावयाची आहे, यात कोठे बोट ठेवाल?’ आपण गप्प बसावे. बोट चुकले तर माणूस चुकला असे म्हणू नये, कागद चुकला असे म्हणावे. कागद बदलण्यास एक पेन्सिल पुरते. तयार संकेतस्थळ बदलण्यास पैसे आणि महिने लागतात. ज्या वेबमुळे आज हे सर्व शक्य झाले आहे, तिची सुरुवातही कागदावरच झाली होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये सर्न संस्थेपुढे आपली योजना लेखी मांडली आणि पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये सर्वांना खुले झाले.

यंत्राविषयी थोडेच सांगतो. पाने हलकी ठेवावीत, कारण माळशेजच्या पायथ्याशी मोठे चित्र उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. अक्षरे युनिकोडमध्येच असावीत. जुन्या फाँटमधील मजकूर अनेक मोबाइलवर भलतीच अक्षरे दाखवितो आणि शोधल्यास सापडत नाही. अर्जाचा नमुना छायाचित्र म्हणून टाकू नये; ज्याला वाचता येत नाही त्याचा मोबाइल मजकूर वाचून दाखवू शकतो, चित्र वाचून दाखविणे त्याला कठीण जाते. आणि गाणे नको.

काय लिहू नये

एक गोष्ट वकील या नात्याने बजावून सांगतो. चौकशीच्या वह्यांत लोकांची नावे, जात, जमीन, भांडणे आणि दुःखे येतील. त्या वह्या कुलूपबंद ठेवा. धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांची गावनिहाय यादी संकेतस्थळावर टाकण्याची सूचना एकाने मोठ्या अभिमानाने केली आहे, असे मला कळले. असे मुळीच करू नका. आज जी यादी अभिमानाची आहे, ती उद्या बहिष्कार घालू इच्छिणाऱ्याच्या हाती आयती सापडेल. कोणाचा आधार क्रमांक, दाखला किंवा छायाचित्र त्याच्या संमतीवाचून टाकू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा झालेला आहे. अत्याचाराच्या प्रकरणांत तर अधिकच जपावे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. सहानुभूतीने लिहिले म्हणून गुन्हा माफ होत नाही, आणि त्या मुलीचे दुःखही कमी होत नाही.

कोण चालविणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. काढणारे पुष्कळ, चालविणार कोण?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. तरीही ते १९२३ पर्यंतच चालले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले; त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागले, आणि पैशाच्या ओढीने तेही १९२९ मध्ये थांबले. मग १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. बाबासाहेबांसारख्या पुरुषाच्या हातीही पत्र टिकविणे एवढे कठीण होते, तर आपण काय समजून चाललो आहोत? म्हणून संकेतस्थळाचे नाव नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्यावे, व्यक्तीच्या नावावर नाही. पासवर्ड तिघांजवळ असावा. पाच वर्षांचा खर्च आधीच बाजूला काढावा. तेवढा जमला नाही तर पाने कमी करावीत.

प्रत्येक पानाच्या शेवटी तीन ओळी असाव्यात: ही माहिती कोणत्या कायद्यावरून घेतली, कोणी तपासली, कोणत्या तारखेला तपासली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा एका रात्रीत कलमांचे आकडे बदलले. ज्या पानावर तपासल्याची तारीख नाही, ते पान त्या तारखेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे गरीब माणसाने कसे ओळखावे? तारीख नसलेला कागद न्यायालयात संशयास्पद ठरतो. आपणही तोच नियम आपल्याला लावावा. एक वर्षात ज्या पानाची पुन्हा तपासणी झाली नाही, ते पान काढून टाकावे. कोरी जागा माणसाला दुसऱ्याला विचारावयास लावते; चुकीचे पान त्याला विचारू देत नाही.

चौकशीअंती कदाचित असेही निघेल की, आपल्याला मोठे संकेतस्थळ नकोच. दहा पाने, विहाराच्या भिंतीवर एक फलक, आणि रविवारी तेथे बसणारा एक जाणकार माणूस, एवढ्याने काम होईल. तसे निघाले तर त्यात कमीपणा मानू नका. आपल्याला संकेतस्थळ मिरवावयाचे नाही, आपल्याला खेपा वाचवावयाच्या आहेत.

हे भाषण जे पुढे छापील वाचतील, त्यांनाही माझी हीच विनंती आहे. तुमच्या घरी कोणी वही घेऊन आला तर त्याला चहा पाजा, आणि खरे सांगा. किती खेपा झाल्या, किती रोज बुडाले, कोठे अपमान झाला, सर्व सांगा. तुमच्या त्या सांगण्यावरच हे काम उभे राहणार आहे.

त्या मुरबाडच्या गृहस्थांची घडी केलेली प्रत मी अजून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. नवे काही लिहावयास बसलो म्हणजे आधी ती काढून पाहतो. आपल्या माणसाने लिहिले म्हणून आपला माणूस दुसऱ्या कोणाला विचारीत नाही. असा विश्वास विकत मिळत नाही, आणि एकदा मोडला तर वर्गणीने भरून निघत नाही. सहा महिन्यांनी आपण पुन्हा येथे जमू. तेव्हा रंग आणि चित्रे आणू नका. वह्या घेऊन या.